भाच्याने पाठवलेली कमांड चालवावी का?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी एका महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले असून साताऱ्यात राहते. विंडोज १० ला मिळणारी नियमित अद्यतने थांबल्यावर माझ्या भाच्याने जुन्या लॅपटॉपवर विंडोज न काढता सोबत उबुंटू २४.०४, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी संगणकप्रणाली, बसवून दिले. वापरायला ते बरे वाटते, पण अक्षरे बारीक दिसतात, डावीकडच्या पट्टीतील चिन्हावर पुन्हा क्लिक केले तरी खिडकी खाली जात नाही, आणि कधी विंडोज उघडले की त्यातले घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले असते. भाचा बंगळुरूला असतो. तो व्हॉट्सॲपवर कमांड, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांच्या ओळी, पाठवतो आणि ‘मावशी, टर्मिनलमध्ये पेस्ट कर, एंटर दाब’ एवढेच सांगतो. काही कमांड चालतात, काहींवर इंग्रजीत तक्रार येते. शिवाय एका व्हिडिओखाली ‘उबुंटू वेगवान करणारी’ म्हणून एक ओळ दिलेली पाहिली. तिची सुरुवात ‘सुडो’ने होते आणि शेवटी उभी रेघ व ‘बॅश’ असे आहे. न समजणारी गोष्ट पेस्ट करायची मला धास्ती वाटते. या वयात टर्मिनलच्या वाटेला जावे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

जरूर जावे, मात्र पेस्ट करण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी. तुमच्या पत्रात चार गोष्टी आहेत. अक्षरांचा आकार आणि पट्टीचे वागणे या पहिल्या दोन केवळ तुमच्या खात्यापुरत्या आहेत. त्यांत कितीही चूक झाली तरी एका ओळीत ती निस्तरता येते. घड्याळाची तिसरी गोष्ट संपूर्ण यंत्राला लागू होते. चौथी, म्हणजे व्हिडिओखालची ओळ, ही सोय नसून धोका आहे. टर्मिनलच्या, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या, जांभळट खिडकीत या चारही गोष्टी सारख्याच दिसतात आणि तुमची भीती तिथूनच आली आहे. कोणती ओळ कोणत्या प्रकारची आहे हे ओळखता आले, की उरलेले काम टंकलेखनाचे आहे.

पुढील कमांड मी देवनागरीत देत आहे. तुम्ही त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात. जिथे मी टिंब दिले आहे तिथे टिंब, जिथे आडवी रेघ आहे तिथे हायफन, आणि जिथे शब्द सुटा आहे तिथे स्पेस द्यावी. ‘ग्नोम’ हा शब्द जी, एन, ओ, एम, ई असा लिहितात. उबुंटूचा सारा दर्शनी भाग ज्या व्यवस्थेवर उभा आहे तिचे हे नाव असल्यामुळे ते वारंवार येईल.

कंट्रोल, आल्ट आणि टी या कळा एकत्र दाबल्या की टर्मिनल उघडते. सुरुवात अक्षरांपासून करू, पण लगेच काही बदलू नका; आधी विचारा.

जीसेटिंग्ज गेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर

एंटर दाबल्यावर खालच्या ओळीत १.० असे उत्तर येईल. या ओळीत स्पेसने वेगळे केलेले चार भाग आहेत. ‘जीसेटिंग्ज’ हे काम करणाऱ्या प्रोग्रामचे नाव, ‘गेट’ हे त्याला सांगितलेले काम, टिंबांनी जोडलेला लांबलचक शब्द म्हणजे सेटिंगचे ठिकाण, आणि शेवटचा शब्द म्हणजे प्रत्यक्ष सेटिंग. ठिकाणाच्या नावाला बिचकण्याचे तुम्हाला तरी कारण नाही. ड्युई वर्गीकरणात ८०० म्हणजे साहित्य, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि ८९१.४६३ म्हणजे मराठी कथात्म साहित्य, अशा व्यापकाकडून विशिष्टाकडे नेणाऱ्या पायऱ्या तुम्ही आयुष्यभर हाताळल्या आहेत. येथेही ग्नोम, त्यातील डेस्कटॉप, त्यातील इंटरफेस असाच क्रम आहे.

‘गेट’ने काहीही बदलत नाही, म्हणून तो दिवसभर वापरला तरी बिघाड होण्याचा प्रश्न नाही. उत्तर वहीत टिपून ठेवा आणि मग वरच्या बाणाची कळ दाबा. मागची ओळ जशीच्या तशी पुन्हा येईल. तिच्यातील ‘गेट’च्या जागी ‘सेट’ लिहून शेवटी एक स्पेस आणि हवे ते मूल्य द्या.

जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर १.४

एंटर दाबताच पडद्यावरची सगळी अक्षरे, टर्मिनलमधलीसुद्धा, त्याच क्षणी मोठी होतील. टर्मिनल मात्र ‘झाले’ म्हणून काही सांगणार नाही. नुसती पुढची रिकामी ओळ येईल. ही शांतता नव्या माणसाला खटकते, पण येथे गप्प राहणे म्हणजे काम झाले आणि बोलणे म्हणजे काहीतरी अडले, असा सर्वसाधारण रिवाज आहे.

सेटिंग्जच्या खिडकीत सुलभतेच्या विभागात मोठ्या मजकुराचे बटण आहेच, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न रास्त आहे. ते बटण हेच मूल्य १.२५ करते, त्याहून अधिक किंवा उणे काही करत नाही. टर्मिनलमधून ०.५ ते ३ यांमधील कोणतेही मूल्य देता येते. मराठी वाचताना वेलांट्या आणि रफार स्पष्ट दिसायला अनेकांना १.२५ अपुरे पडते, तेव्हा १.३५, १.४, १.५ असे एकेक करून पाहा. उत्साहाच्या भरात ३ करून खिडक्या पडद्याबाहेर गेल्या, तरीही टर्मिनल पूर्वीच्याच तीन कळांनी उघडेल आणि पुढील ओळ सारे पूर्ववत करील.

जीसेटिंग्ज रिसेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर

‘रिसेट’ सेटिंगला तुमच्या मागच्या मूल्याकडे नेत नाही, तर उबुंटूने बसवतानाच ठरवलेल्या मूल्याकडे नेते. भाच्याने आधीच काही बदलून ठेवले असेल, तर ‘रिसेट’ने त्याचाही बदल जाईल. वहीत टिपायला सांगितले ते याचसाठी.

लांब नावे टाइप करताना चुका होतील म्हणून टॅब कळेची सवय लावून घ्या. ‘ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंट’ इथपर्यंत लिहून टॅब दाबले तर उरलेली अक्षरे संगणक स्वतः भरतो; पर्याय एकापेक्षा जास्त असतील तर टॅब दोनदा दाबल्यावर त्यांची यादी दाखवतो. टॅबने नाव पूर्ण झाले नाही, तर बहुधा मागे कुठेतरी अक्षर चुकले आहे, हेही एंटर दाबण्यापूर्वीच कळते. माझ्या मते पेस्ट करण्यापेक्षा टॅबच्या मदतीने लिहिणे अधिक सुरक्षित आहे, कारण त्यात प्रत्येक शब्द डोळ्यांखालून जातो.

आता पट्टीकडे वळू. चिन्हावर पुन्हा क्लिक केल्यावर खिडकी खाली जाण्याची विंडोजमधली सवय उबुंटूत मुळात दिलेली नाही आणि सेटिंग्जच्या खिडकीत त्यासाठी बटणही नाही. ते सेटिंग आतमध्ये आहे, फक्त दर्शनी भागात मांडलेले नाही. टर्मिनलचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो.

जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.ग्नोम.शेल.एक्स्टेन्शन्स.डॅश-टू-डॉक क्लिक-ॲक्शन मिनिमाइझ

‘मिनिमाइझ’मध्ये एस नव्हे, झेड लिहायचे आहे. येथेही आधी ‘गेट’ चालवून जे उत्तर येईल ते टिपून घ्या. मूळ मूल्यांची नावे उबुंटूच्या आवृत्तीनुसार वेगळी असतात, त्यामुळे इतरांच्या वहीतले मूल्य तुमच्या उपयोगाचे असेलच असे नाही.

भाच्याने नेमकी हीच ओळ पाठवली असावी आणि तिच्यावरच तक्रार आली असावी, असा माझा कयास आहे, कारण तीत शेवटचा शब्द अवतरणचिन्हांत लिहिण्याची पद्धत आहे. टर्मिनलला कीबोर्डवरचे सरळ, उभे अवतरणचिन्ह समजते. फोनचे काही कीबोर्ड मात्र त्याच्या जागी छापील पुस्तकांसारखे बाकदार चिन्ह आपोआप घालतात. टर्मिनल त्या बाकदार चिन्हाला अवतरणचिन्ह न मानता शब्दाचाच भाग समजते, आणि दिलेले मूल्य ग्राह्य मर्यादेबाहेर आहे अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवते. एकाच साध्या शब्दाचे मूल्य असेल तर जीसेटिंग्जला अवतरणचिन्ह लागत नाही, म्हणून मी वर ते दिलेलेच नाही. फोनची दुसरी खोड म्हणजे ओळीचे पहिले अक्षर मोठे करणे. टर्मिनलच्या दृष्टीने मोठ्या जीने सुरू होणारे ‘जीसेटिंग्ज’ हा अस्तित्वात नसलेला प्रोग्राम आहे, म्हणून कमांड सापडली नाही असे उत्तर येते. कधी उत्तरही येत नाही आणि तक्रारही, नुसते उजवीकडे टोक असलेले एक चिन्ह ओळीच्या आरंभी येऊन थांबते. याचा अर्थ उघडलेले अवतरणचिन्ह बंद झालेले नाही आणि टर्मिनल पुढच्या मजकुराची वाट पाहत आहे. अशा वेळी कंट्रोल आणि सी दाबून बाहेर पडावे. काहीही चाललेले नसते. भाच्याला सांगा की यापुढे कमांड ई-मेलने किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पाठव. मग पेस्ट करायची वेळ आलीच, तर टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि व्ही चालत नाही. त्यांच्यासोबत शिफ्टही दाबावे लागते.

मराठी कीबोर्ड तुमच्या पत्रात नाही, पण पुढचा प्रश्न तोच असेल म्हणून आत्ताच सांगतो. त्यासाठी टर्मिनल वापरू नका. कीबोर्डच्या भाषा एकाच सेटिंगमध्ये यादीच्या रूपाने असतात आणि ‘सेट’ने त्या यादीत भर पडत नाही, संपूर्ण यादी बदलते. यादीत केवळ मराठी लिहून एंटर दाबले, तर इंग्रजी कीबोर्ड नाहीसा होतो आणि चूक दुरुस्त करणारी कमांड टाइप करायलाच रोमन अक्षरे उरत नाहीत. सेटिंग्जच्या खिडकीत कीबोर्डच्या विभागात जाऊन अधिकच्या चिन्हावर क्लिक करून मराठी जोडावी. सुपर, म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ, आणि स्पेस दाबून भाषा बदलता येते. जिथे खिडकीत सोय आहे तिथे खिडकीच वापरावी. टर्मिनल वापरल्याने कुणी जास्त जाणकार ठरत नाही.

घड्याळाची गंमत मात्र खास आपल्या देशातल्या लोकांना चटकन ओळखू येणारी आहे, कारण फरक बरोबर साडेपाच तासांचा पडतो. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एक घड्याळ असते, जे लॅपटॉप बंद असतानाही चालू राहते. विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे मानते. उबुंटू मात्र त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि पडद्यावर दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवते. संध्याकाळी सात वाजता उबुंटू बंद करून विंडोज उघडले, तर मदरबोर्डवरची दुपारची दीड ही वेळ विंडोज खरी धरते. इंटरनेटवरून विंडोजने वेळ जुळवून घेतली की ते सुधारते, म्हणून चूक कधी दिसते, कधी दिसत नाही. दोघांपैकी एकाने दुसऱ्याची पद्धत स्वीकारणे हाच उपाय आहे. आधी स्थिती पाहा.

टाइमडेटसीटीएल

इंग्रजीतील टाइम, डेट, सी, टी आणि एल हे सगळे जोडून, मध्ये स्पेस न देता लिहायचे आहे. येणाऱ्या उत्तरात कालक्षेत्र एशिया आणि कोलकाता असे दिसले पाहिजे आणि आर टी सी, म्हणजे मदरबोर्डवरचे घड्याळ, स्थानिक वेळेत आहे का, या ओळीपुढे ‘नो’ असेल. मग पुढील कमांड द्या.

टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

या वेळी पासवर्ड मागणारी चौकट येईल, अक्षरांच्या वेळी ती आली नव्हती. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे: संगणक पासवर्ड मागतो तेव्हा तुम्ही स्वतःच्या खात्याची हद्द ओलांडून संपूर्ण यंत्राला हात घालत असता. यानंतर टाइमडेटसीटीएल पुन्हा चालवले तर एक इशारा दिसेल. ही पद्धत पूर्णपणे समर्थित नाही आणि कालक्षेत्र बदलताना किंवा उन्हाळी वेळेसाठी घड्याळ पुढेमागे करताना अडचणी येतील, असा त्याचा आशय आहे. भारतात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करत नाहीत आणि तुमचा लॅपटॉप साताऱ्यातच असतो, त्यामुळे हा इशारा वाचून बाजूला ठेवायला हरकत नाही. उद्या विंडोज काढून टाकलेत, तर शेवटी १ ऐवजी ० लिहून तीच कमांड द्यावी.

आता ‘सुडो’. हा शब्द पुढे येणारे काम यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने करायला लावतो. नवे सॉफ्टवेअर बसवायला तो लागतो, म्हणून शब्द स्वतः वाईट नाही. पण दिसण्यावागण्याच्या सेटिंगसाठी त्याची गरज नसते. उलट ‘सुडो जीसेटिंग्ज’ असे कुणी लिहून दिले आणि तुम्ही ते चालवले, तर बदल तुमच्या खात्यात न होता त्या सर्वाधिकारी खात्यात होतो आणि तुमच्या पडद्यावर काहीच फरक पडत नाही. असा सल्ला देणाऱ्याला विषय कळलेला नाही, एवढे त्यावरून नक्की समजावे. ‘सुडो’ने टर्मिनलमध्येच पासवर्ड मागितला, तर टाइप करताना ठिपकेही उमटत नाहीत, कीबोर्ड बिघडला असे समजू नका.

व्हिडिओखालची ती ओळ चालवू नका. तुम्ही सांगितलेल्या ठेवणीवरून तिचे काम ओळखता येते: उभ्या रेघेच्या डावीकडचा भाग एका पत्त्यावरून मजकूर उतरवून घेतो, आणि रेघ तो मजकूर उजवीकडच्या ‘बॅश’च्या हाती सोपवते, म्हणजे तो कमांड म्हणून लगोलग चालवते. त्या मजकुरात काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. आज एक आणि उद्या त्याच पत्त्यावर दुसरेच असू शकते. सुरुवातीचा ‘सुडो’ फक्त डावीकडच्या भागाला लागू होतो, पण त्यासाठी तुम्ही एकदा पासवर्ड दिलात, की उतरलेला मजकूर पुढची काही मिनिटे पासवर्ड न विचारता स्वतःच ‘सुडो’ वापरू शकतो आणि त्याला संपूर्ण यंत्र मोकळे मिळते. काही प्रामाणिक सॉफ्टवेअरही अशा ओळीने बसवायला सांगतात, हे खरे; पण ते त्यांच्या स्वतःच्या अधिकृत पानावर असते आणि तिथेही पुष्कळ जाणकार आधी फाइल उतरवून, वाचून मगच चालवतात. हल्ली तर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे सांगून एक ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये किंवा विंडोजच्या रनच्या चौकटीत पेस्ट करायला लावणारी बनावट पाने पुष्कळ आहेत आणि पासवर्ड चोरणे हा त्यांचा उद्योग आहे. तुमची परीक्षा घेण्यासाठी कोणतेही खरे संकेतस्थळ टर्मिनल उघडायला सांगत नाही. ‘आर एम’ने सुरू होणारी ओळसुद्धा थांबून वाचा, ती फाइली पुसते आणि पुसलेले कचरापेटीत जात नाही, सरळ जाते.

हा सगळा पसारा मांडण्यापूर्वी आजची स्थिती नोंदवून ठेवायची असेल, तर एक ओळ पुरते.

जीसेटिंग्ज लिस्ट-रिकर्सिव्हली > सेटिंग-नोंद.टीएक्सटी

फाइलला नाव तुम्हाला हवे ते रोमन अक्षरांत द्या. जवळजवळ सगळ्या सेटिंगची आजची मूल्ये त्या नावाच्या फाइलमध्ये उतरतील आणि ती फाइल तुमच्या मुख्य फोल्डरमध्ये सापडेल. फक्त नाव दर वेळी नवे द्या, तारीख जोडलीत तर उत्तमच. कारण त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर टोकदार चिन्ह न विचारता तिच्यावर नवी लिहिते.

जिज्ञासा असेल तर आणखी एक करून पाहा. टर्मिनलमध्ये ‘जीसेटिंग्ज मॉनिटर ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस’ लिहून एंटर दाबा आणि ती खिडकी एका बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूला सेटिंग्जची खिडकी उघडा. तेथे मोठ्या मजकुराचे बटण दाबले की टर्मिनलमध्ये त्या सेटिंगचे नाव आणि १.२५ हे नवे मूल्य झळकेल. गडद रंगसंगती निवडली की दुसरे नाव झळकेल. खिडकी आणि टर्मिनल ही एकाच नोंदीकडे जाणारी दोन दारे आहेत, हे अशा वेळी प्रत्यक्ष दिसते, आणि कोणत्या बटणामागे कोणते नाव आहे हे भाच्याला न विचारता कळते. थांबवायला कंट्रोल आणि सी.

भाच्याचा राग मानू नका. तो मदतच करतो आहे. त्याच्याकडून दोन गोष्टी मात्र मागून घ्या. प्रत्येक कमांडसोबत तिने काय बदलणार आहे हे एका मराठी वाक्यात लिहायचे, आणि ती उलटवणारी कमांडही त्याच पत्रात द्यायची. हे दोन्ही ज्या ओळीबरोबर येणार नाही, ती ओळ त्याचा फोन येईपर्यंत तशीच राहू द्या. आज घरी वेळ मिळेल तेव्हा अक्षरांचे ‘गेट’ आणि ‘सेट’ करून पाहा. घड्याळाची कमांड तो फोनवर सोबत असताना द्या, कारण पासवर्डची चौकट पहिल्यांदा समोर आली की कुणीतरी बोलायला असलेले बरे.